पायलटच्या खुर्चीचे पट्टे

तुम्ही नेहमी विचारता ना, विमानाच्या मॉडेलमध्ये आत एवढं बारीक काम कशाला करतोस, ते बघतं कोण? आमच्या श्रीगोंद्याच्या मामांनी बघितलं. मामा आता ऊस करतात, पण तरुणपणी हवाई दलात होते, विमानं उड्डाणाला तयार करायच्या कामावर.

तेव्हा मी एक लढाऊ विमान जोडत होतो; त्याच्या किटमध्ये पायलटची नुसती खुर्ची होती, पट्टे नव्हते. मी गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाची चंदेरी पन्नी कापून तिला पट्टे केले आणि खुर्चीवर व्यवस्थित बांधले. कॉकपिटवरची काच चिकटवणार, तेवढ्यात मामा आले. भिंग घेऊन बराच वेळ आत बघत राहिले.

“पट्टे बांधलेले हायेत,” ते म्हणाले.

“हो, नीटनेटकं दिसतं.”

“पायलटचे पट्टे मीच बांधायचो. परत आला की सोडायचोबी मीच.” मग भिंग खाली घेऊन म्हणाले, “एकाचे सोडायचे राहिले. विमान आलंच न्हाई.”

मी चिमटा घेतला, पट्टे सोडवले आणि खुर्चीच्या दोन्ही बाजूंना लोंबते ठेवले. मामांनी पुन्हा भिंग लावलं.

“आता बरं हाय,” ते म्हणाले. “चहा प्यायला गेला आसंल. लाव काच.”