वर माणूस असताना खाली कोण?

नाही, तिथे नको बसूस, त्या खुर्चीचा एक पाय डुगडुगतो — ती मी तपासणीला येणाऱ्या सरकारी साहेबांना देते, म्हणजे तपासणी लवकर उरकते. तू इकडे बस. आणि ते पाकीट राहू दे खिशात, मघाशीच पाहिलं मी. दहाऐवजी नऊ नावं आहेत ना त्यात? असणारच. दहा असती तर तू फोनवरच सांगून मोकळा झाला असतास. एवढ्या मोठ्या लिफ्ट कंपनीचा सर्व्हिस मॅनेजर आमचे चार मजले जिन्याने चढून येतो, धापा टाकत, आणि वर विचारतो, मॅडम, तब्येत कशी आहे — म्हणजे काहीतरी शिजतंय हे कळायला मला काय पुन्हा ट्रेनिंग घ्यावं लागेल? पाणी पी आधी. हसू नकोस, मी काही गंमत करत नाहीये. बरं, करतेय थोडी.

कोण गाळलंय तेही सांगू? शिलाईवाल्या ताई. बघ, मान खाली गेली. वय जास्त आहे, हे कारण घेऊन आला असशील. चव्वेचाळीस. अरे, वीस वर्षं कपड्याच्या कारखान्यात मशीनवर बसलेली बाई ती, कारखाना बंद पडला आणि वस्तीच्या समितीने तिचं नाव आपल्या प्रशिक्षण केंद्राकडे पाठवलं, तेव्हाही वय चव्वेचाळीसच होतं. ते तेव्हा तुला चाललं होतं, आपल्या करारावर तुझीच सही आहे — दहा जण शिकवा, दहाही आम्ही घेऊ. वायरिंगच्या परीक्षेत तिचं पॅनेल सगळ्यात नीटनेटकं होतं, एक वायर इकडची तिकडे नाही, तूच बाकीच्या पोरांना म्हणालास, बघा रे जरा, शिका काहीतरी. म्हणजे वायरिंगचं कारण नाही, वयाचंही नाही. मग कशाचं? मीच सांगते. गुरुवारच्या उलट्या मुलाखतीचं.

मी मागच्या बाकावर होते ना. तुम्ही तिघे कंपनीवाले एका बाजूला, आपले दहा जण दुसऱ्या बाजूला, आणि प्रश्न त्यांनी विचारायचे — या केंद्राची रीतच ती आहे, तुम्ही माणूस पारखता तसं माणसानेही तुम्हाला पारखायचं. पोरांनी यादीतलेच प्रश्न विचारले, सुट्टी किती, पाळी किती तासांची, हातमोजे कोण देणार. तू झकास उत्तरं दिलीस, अगदी टीव्हीवर बोलल्यासारखी. आणि मग ताई उठल्या आणि म्हणाल्या, साहेब, वर लिफ्टच्या शाफ्टमध्ये माणूस काम करत असताना, कुणी चुकून लिफ्ट चालू करू नये म्हणून खाली स्विचपाशी कोण उभं असतं? तू म्हणालास, असतं कुणीतरी. त्या म्हणाल्या, कुणीतरी म्हणजे कोण? आणि तुझ्या शेजारचा तो चष्मेवाला फिसकन हसला. तुझे कान लाल झालेले मला मागच्या बाकावरून दिसले. तेवढ्यावरून दहावं नाव गेलं. बोल, चुकतेय मी?

नाही ना चुकत. अरे, मी काय तुला आज ओळखते? बारा वर्षांपूर्वीच्या पहिल्या बॅचमध्ये तुला सगळे शंकासुर म्हणायचे. ही तार लाल का, हा बोल्ट असाच का, परीक्षा सोमवारीच का. शिकवणारे मास्तर तुला बघून वर्गाबाहेर जायची कारणं शोधायचे. आणि आता बघा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. दोन कशाला लागतात रे? एकाने सह्या, दुसऱ्याने नावं खोडायला?

बरं बाबा, नाही चिडवत. माझंही ऐक जरा. सरकारचा पैसा, कंपनीच्या नोकऱ्या आणि वस्तीची माणसं — ही तीन टोकं बांधून ठेवायचं काम माझं. सरकार म्हणतं आधी आकडे दाखवा, तुम्ही म्हणता आधी माणसं दाखवा, वस्ती म्हणते आधी नोकरी दाखवा, आणि मी मधे उभी राहून सगळ्यांना म्हणते, दाखवते हं, दाखवते. या वर्षी नवा नियम आलाय, दहाच्या दहा कामाला लागले तरच पुढची बॅच मंजूर. म्हणजे तू नऊ लिहिलेस की केंद्राला कुलूप. वीस-बावीस जणांनी आत्ताच नावं देऊन ठेवलीत, रोज कुणीतरी जिन्यात गाठून विचारतं, मॅडम, आमचं कधी? तेव्हा मी काही निव्वळ ताईंसाठी भांडत नाहीये. निम्मं माझ्याही पोटातलं दुखणं आहे, ते लपवत नाही.

पण तुला त्या प्रश्नाचा एवढा राग यावा — तुला — हे काही माझ्या पचनी पडत नाही. उलट्या मुलाखतीचं आता केवढं नाव झालंय, माहिती आहे ना? सरकारी अहवालात तिला ‘द्विमार्गी संवाद पद्धती’ म्हणतात, मला व्यासपीठावर बसवून फुलं दिली, आणखी सहा केंद्रांत ती सुरू झाली. सगळे विचारतात, मॅडम, ही कल्पना सुचली कशी? मी म्हणते, अनुभवातून. अनुभव कसला, डोंबल. थाप मारली होती मी, आणि ती निस्तरता निस्तरता ही पद्धत झाली.

काय बघतोस? तुझ्यासाठीच मारली होती. पहिल्या बॅचच्या वेळी कसली उलटी मुलाखत, सरळ मुलाखत होती, त्यांनी विचारायचं, तुम्ही सांगायचं. तुझं सगळं छान झालं, आणि शेवटी उठता उठता तू कंपनीच्या साहेबांना विचारलंस, माझ्या आधी या जागेवर कोण होतं आणि तो का गेला? झालं. तुझ्या नावापुढे फुली. तुला हे कधी कळलंच नाही, आणि — आणि कळायलाही नको होतं, आज कशी कोण जाणे जीभ सुटली माझी. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या ऑफिसात दोन तास बसून राहिले. आत बोलावलं तेव्हा सांगितलं, साहेब, त्या मुलाचा काही दोष नाही, आम्हीच सगळ्यांना प्रश्न विचारायला शिकवतो, आमच्या ट्रेनिंगचा भागच आहे तो. ते म्हणाले, असं होय, मग ठीक आहे, आणि फुली खोडली. खोटं पकडलं जाऊ नये म्हणून पुढच्या बॅचपासून मी खरंच शिकवायला लागले. एवढीच ती थोर पद्धत.

हो, हो, आता तुला आठवेल, नोकरीच्या पहिल्या दिवशी ते साहेब तुला सगळ्यांसमोर काय म्हणाले होते. मॅडमनी पढवलेला पोपट. तूच मला येऊन सांगितलं होतंस, हसत हसत. मीही हसले. त्यानंतर मात्र तू कुणालाच काही विचारल्याचं मी ऐकलं नाही. नोकरी टिकली, बढत्या मिळाल्या, मी दर बॅचला तुझं उदाहरण देते. पण कधीकधी वाटतं, त्या दिवशी नोकरी मिळवून देताना मी तुझा प्रश्न तेवढा काढून घेतला. तो तुझा होता. तुझ्याच डोक्यातून आलेला. मी तो आमच्या नावावर केला आणि तू तो सोडून दिलास. गुरुवारी ‘असतं कुणीतरी’ म्हणालास ना, तेव्हा मला तुझी नाही, माझी लाज वाटली.

राहू दे, पाकीट काढू नकोस अजून. मला माहिती आहे तुमच्याकडे खर्च वाचवायला शाफ्टच्या कामावर एकेकटा माणूस पाठवतात. आपलीच पोरं आहेत तुझ्या हाताखाली, येतात इकडे, बोलतात. तू तुझ्या वरच्या साहेबांना काय सांगू शकतोस, काय नाही, तेही मला कळतं. सकाळपासून मी एक वाक्य घोकून ठेवलं होतं — ताईंचा प्रश्न मीच शिकवलाय, राग माझ्यावर काढ. तू विरघळला असतास, दहावं नाव आलं असतं, माझी बॅच वाचली असती. एकदा जमलंय, पुन्हा जमलं असतं.

नाही म्हणणार मी तसं. तो प्रश्न यादीत नव्हता. मी शिकवला नव्हता, मास्तरांनी नाही, कुणीच नाही. त्यांचा होता तो, आणि त्यांच्याजवळच राहील, मग केंद्र राहो की न राहो.

त्या खाली वर्कशॉपमध्ये आहेत, पॅनेल उघडून बसल्यात. मला काही सांगू नकोस, मला उत्तर नकोय. त्यांना जाऊन सांग. खाली कुणी नसतं, हेच उत्तर असेल तर हेच सांग, पण त्यांच्या तोंडाकडे बघून सांग. त्यानंतर पाकिटात नऊ नावं ठेवावीशी वाटली तर ठेव, मी पोच देईन. चल, ऊठ आता. माझी कामं पडलीत.