बोलणं झालं की घंटी

मंडळी, बसा. तुम्ही ज्या सतरंजीवर बसला आहात ना, ती माझी आहे. दोन वर्षांमागं तुमच्यातल्या कोणीतरी लग्नाला नेली आणि परत द्यायची विसरलात. कोपऱ्यातल्या जळक्या डागावरून आज ओळखली मी. असू द्या. फोनवर बोलणं झालं की घंटी द्यायची, हे तुम्ही दहा वर्षं झाली तरी विसरता. तिथं सतरंजीचं काय!

मला बोलायला उभं केलं आहे. कठीण आहे. जो गेला तो माझा धाकटा भाऊ, नामदेव. तुमचा टेलिफोनवाला. त्याला मी कडेवर घेऊन फिरवलं. माणूस गेल्यावर चार शब्द बोलायचे ते धाकट्यांनी बोलायचे असतात, थोरल्या बहिणीनं नाही. पण त्यानं नंबर चुकवला.

मास्तर, लिहून घेता आहात ना? घ्या. मला अक्षर येत नाही, पण माझं 'मले' तुम्ही 'मला' करून टाकता, हे मला कळतं. करा. घरात ठेवायचा कागद आहे.

आम्ही धम्मदीक्षा घेतली, त्याच्या पुढच्या सालात आर्णीत टेलिफोन आला. बाजारातली एक खोली. खोलीत लाकडी बोर्ड. बोर्डाला भोकं, आणि दर भोकावर पत्र्याची एक पापणी. तुम्ही घरी हँडल फिरवून घंटी दिली की तिथं तुमची पापणी पडते; मग बोर्डवाला दोरीनं तुमचं भोक दुसऱ्याच्या भोकाला जोडतो. नामदेव त्या खोलीत झाडू मारायचा, माठ भरायचा. बोर्डापुढची खुर्ची रोज पुसायचा. पुसायला मनाई नव्हती. बसायला होती.

तिथं एक बुक होतं. इंग्रजी, विटेएवढं जाड. साहेब त्याला म्हणाले, "हे पाठ कर, मग बसवतो खुर्चीवर." हेच साहेब, पुढं बसले आहेत ते. तेव्हा त्यांना केस होते. साहेब गमतीनं बोलले होते. नामदेवानं गमतीनं घेतलं नाही.

सातवी शिकलेला माणूस. एकेक अक्षर लावायचा, मास्तरांकडून अर्थ आणायचा आणि घरी येऊन माझ्या डोक्यावर ओतायचा. काय होतं त्या बुकात? तारेवर बोलायची रीत. बोलणं नव्हे हो, बोलण्याआधीची आणि बोलण्यानंतरची रीत. घंटी कोणी द्यायची. थांबायचं कोणी. नंबर परत म्हणून दाखवायचा. पलीकडून 'हो' आल्याशिवाय जोडायचं नाही.

त्यानं अंगणात दोन दोऱ्या बांधल्या. मधात स्वतः बसला, बोर्ड होऊन. एका दोरीच्या टोकाला त्याची सुमन, तेव्हा आठ वर्षांची. ती आर्णीतली शेठाणी. दुसऱ्या टोकाला चुलीपाशी मी. मी यवतमाळ. जन्मात यवतमाळ पाहिलं नव्हतं आणि मीच यवतमाळ झाले! दोऱ्यांना बकरीच्या गळ्यातल्या घंट्या. माझ्या किती भाकरी जळल्या, ते विचारू नका.

सगळं जमलं मला. एकच जमेना. शेवटची घंटी.

तो म्हणायचा, "आक्का, बोलणं झालं. आता घंटी दे."

"काहून? पोरगी बोलून राह्यली ना माह्यासंग. तिले मी कशी हाकलू?"

"हाकलायचं नाही व. संपलं म्हणून सांगायचं. तू घंटी देल्याबिगर मले दोरी काढता येत नाही. लाईन तुह्याच नावानं अडकून राह्यते."

"राहू दे. पाहुण्याले आपल्या तोंडानं जा म्हणाची रीत नाही आपल्यात. तुह्या बुकाले माणुसकी नाही."

"अन् तिसरा?"

"कोणता तिसरा?"

"जो थांबून आहे तो. तुले दिसत नाही. त्याच्या घरी काय झालं, माहीत आहे तुले?"

मी पिठाच्या हातानं घंटी दिली.

वर्षभरानं साहेबांनी परीक्षा घेतली. अर्धी सकाळ विचारत होते. शेवटी तेच दमले. नामदेव खुर्चीवर बसला. पहिल्या दिवशी आधी पुसून मग बसला. सवय!

आणि मग ते पाटलाचं झालं. तुमच्यातल्या जुन्यांना आठवेल. नसेल आठवत, तुमचं काय सांगावं! पलीकडच्या खेड्याचे पाटील इथं शेठाच्या पेढीवर येऊन यवतमाळच्या आपल्या व्याह्याशी बोलत होते. बोलणं झालं. आता घंटी कोण देणार? व्याही मुलीचा बाप. त्यानं आधी ठेवलं तर अपमान होतो. पाटील मुलाचा बाप. त्यांनी काहून आधी ठेवावं? दोघंही कानाला लावून उभे. बोलत कोणीच नाही. नुसते श्वास. यवतमाळची लाईन एकच. आणि इकडं दवाखान्याची पापणी पडलेली. एक बाळंतीण अडली होती, यवतमाळहून मोटार मागवायची होती.

नामदेवानं बुकातल्या रीतीप्रमाणं दोनदा विचारलं, "बोलणं झालं का?" कोणी उत्तर देईना. त्यानं दोरी उपसली.

पाटील काठी घेऊन आले. "माही लाईन तोडणारा तू कोण?" आमच्या वस्तीतल्या माणसाला हा प्रश्न नवा नव्हता. नामदेवानं बुक पुढं केलं. चुलीपाशी वाचताना ज्यावर माझ्या हळदीचा डाग पडला, तेच शेवटच्या घंटीचं पान. म्हणाला, "पाटील, यात सारं पाहिलं मी. यात पाटील नाही, शेठ नाही. एक बोलावणारा आहे, एक बोलावलेला. अन् एक थांबलेला."

पाटील पान पाहत राहिले. त्यांनाही इंग्रजी येत नव्हतं. काठी टेकत गेले. ती बाळंतीण आज इथं बसली आहे, मांडीवर तिसरं घेऊन. हसू नको ग, तुझंच सांगते आहे.

आता या चार महिन्यांचं. छातीच्या दुखण्यानं नामदेव खाटेवर होता. सुमन उशाशी बसून बुक वाचायची. मॅट्रिक झालेली, तिला मास्तर लागत नाही. ती चुकली की तो बोट वर करायचा. शेवटच्या महिन्यात बोट वर झालंच नाही. मी म्हटलं, थकला. तो म्हणाला, "थकलो नाही. चुकून नाही राह्यली ती."

गेला त्या सकाळी त्यानं मला जवळ बोलावलं. "आक्का, बोलणं झालं. घंटी दे."

मी म्हटलं, "कायले घाई करून राह्यला? बस ना."

दुपारी गेला. मी घंटी दिली नाही. आज चार दिवस झाले, मंडळी, दिली नाही.

पण रात्रंदिवस तेच कानात वाजतं, अन् तिसरा? तिसरी ती बसली आहे, सुमन, खांबाला टेकून. खुर्ची रिकामी आहे. ऑफिसात बोलणं चाललं आहे, बाईमाणूस बोर्डावर कसं बसवायचं. साहेब, मी विचारते. कोणतंही पान उघडा. ती चुकली तर मी दुसऱ्यांदा तोंड उघडणार नाही. नाही चुकली तर खुर्ची तिची. बोला.

मान हलवू नका साहेब. बुकात मान हलवणं नाही. तारेवर दिसत नाही ते.

हं. "सोमवारपासून बसू द्या." ऐकलं ना सगळ्यांनी? मास्तर, लिहा. साहेबांच्या तोंडचं आहे, 'मले' नाही त्यात.

आता उभे राहा. ही ती बकरीची घंटी, आणली आहे मी. एकदाच वाजवीन. वाजायची थांबली की दोन मिनिटं कोणी बोलू नका, पोरांनाही धरा. नामदेवा, बोलणं झालं रे. लाईन सोडली.

आणि उठून जाण्याआधी एक. परवापासून सगळ्यांच्या घरून आमच्याकडं वांगंच येऊन राह्यलं आहे. पुरे. सोमवारी भाकर आणि तुरीचं वरण पाठवा. घरी नाही, बाराच्या ठोक्याला एक्सचेंजवर, सुमनच्या नावानं. आणि ठेचा टाकू नका. लाईनीवर ठसका लागतो.