मंडळाचा पाळणा

सन्माननीय अध्यक्ष चंद्रशेखरजी, कोबेहून दोन गाड्या बदलून आलेल्या प्रमुख पाहुण्या क्षिप्राताई, आज ज्यांच्यासाठी जमलो त्या मेधा आणि शशांक, आणि जेवण कधी वाढणार म्हणून मागे वळून बघणारे माझे टोकियोशेजारचे उरायासुकर, सगळ्यांना नमस्कार.

एकवीस वर्षं मी या मंडळाची कार्यवाह आहे. पोस्टिंग संपतं, माणसं राइस कुकर आणि सायकली वाटून परत जातात, आणि मी दोन गोड शब्द बोलते. शशांकला बँकेने मुंबईला परत बोलावलंय. त्याचं कौतुक पुढचे वक्ते करतीलच. मी आज एक कबुली द्यायला उभी आहे, आणि मेधाची परवानगी घेऊनच. ती म्हणाली, "बोला ताई, पण रडू नका. माझाच निरोप आणि मीच तुम्हाला सावरत बसायचं?"

आपल्या मंडळाचा एक लाकडी पाळणा आहे. ज्यांच्याकडे बारसं असेल त्यांच्याकडे तो जातो, आणि एरवी राहतो मेधाकडे. का? तर त्यांच्याकडे एक खोली जास्तीची होती. हे मीच ठरवलं. "तुम्हा दोघांना कशाला लागते एवढी जागा?" असं हसत म्हणाले होते. तीही हसली होती. आता वाटतं, जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

त्याच वर्षी संक्रांतीच्या कार्यक्रमात मी भाषण ठोकलं, आठवतंय ना? जपानची लोकसंख्या कशी घटतेय, शाळेत चाराच्या जागी एकच वर्ग कसा राहिलाय. पडद्यावर आलेखसुद्धा दाखवला. आणि म्हणाले, "आजच्या मुलींना सगळं हवं, फक्त वेळेवर मूल नको." टाळ्या पडल्या. मेधा तिसऱ्या रांगेत होती.

उशीर तिने केला होता का हो? आधी आईचं आजारपण म्हणून ती मुंबईला गेली. मग करोना आला, सीमा बंद झाल्या, तिचा व्हिसा संपला. चौदा महिने ही तिकडे आणि शशांक इकडे. परत आली तेव्हा एकोणचाळीस पूर्ण झाली होती. मग आयव्हीएफ सुरू. ऑफिसात कुणाला कळू नये म्हणून स्टेशनच्या स्वच्छतागृहात उभं राहून ती स्वतःच्या पोटात इंजेक्शन घ्यायची. यातलं काहीही मला ठाऊक नव्हतं. विचारलंच नव्हतं ना! आलेख मात्र तोंडपाठ होता.

मार्चमध्ये तेजश्रीच्या मुलीचं बारसं होतं. सोळा तारीख, शनिवार. मंडळातल्या स्वानंदची गाडी घेऊन मी पाळणा न्यायला गेले. मेधाने दार उघडलं. चेहरा उतरलेला. मी म्हटलं, "काय गं, झोपली नाहीस का?" ती म्हणाली, "जरा बरं नाहीये." पाळणा पुसून, कापड धुऊन ठेवलेलं. मी म्हणाले, "बरं झालं बाई, नुसता पडून होता, कुणाच्या तरी कामी येईल." तिने एक बाजू धरली आणि लिफ्टपर्यंत आणून दिला. मी धरू दिला.

मागच्या महिन्यात शशांकचा फोन आला. "वनिताताई, क्लिनिकची फाइल बंद करायची आहे. जपानी कागद तुम्हीच वाचून द्या." मंडळात असे कागद माझ्याकडेच येतात. मी चष्मा लावून ऐटीत वाचायला बसले. चार प्रयत्नांपैकी तीन लागले नाहीत. चौथा लागला, आणि दहाव्या आठवड्यात गेला. हॉस्पिटलातली तारीख मी मोठ्यानेच वाचली. चौदा मार्च. मी चष्मा काढून ठेवला. मेधाच म्हणाली, "हो ताई. गुरुवार होता."

तोच शेवटचा प्रयत्न ठरला. ती त्रेचाळीस पार झाली, आणि डॉक्टरांनी थांबा म्हणून सांगितलं. ते दोघं मंगळवारी विमानात बसतील. दोघंच.

पाळणा परवा माझ्याकडे आला. माझ्या मुलाच्या, रेनच्या खोलीत ठेवलाय. तो तेहतीस वर्षांचा आहे, मुलाबाळांचा विषय काढला की जपानीत एवढंच म्हणतो, "आई, पुरे." आता मी पुरे करते. तेजश्रीच्या मुलीनंतर मंडळात बारसंच झालेलं नाही, तेव्हा पाळणा बहुधा तिथेच राहील.

काल कापडाची घडी उलगडली, तर आत एक कागद होता. मेधाच्या अक्षरात सात बाळांची नावं, बारशाच्या तारखा. सगळी आपल्याच मंडळातली. खाली लिहिलंय, "डावीकडचा स्क्रू सैल होतो. बाळ ठेवण्याआधी आवळून घ्यावा." सातही वेळा तो तिने आवळून दिला होता. सोळा मार्चलासुद्धा.

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल मी सगळ्यांची ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभेने पोटात घालावं. त्या शनिवारचं मात्र सभेकडे मागत नाही. मेधा, ते तुझ्याकडे मागते. आज नाही दिलीस माफी, तरी चालेल.