नवव्या डब्यातले चार प्रवासी

ताई: आले एकदाचे शुद्धीवर.

धाकटा: कोण?

ताई: कोणी नाही. तू जेवलास का?

धाकटा: ताई, तू आत्ता म्हणालीस, शुद्धीवर आले.

ताई: मी म्हणाले, जेवलास का.

धाकटा: त्याच्या आधी.

ताई: त्याच्या आधी काही झालंच नाही. मी बाबांचा डबा घेऊन आले, दार उघडलं, बाबा खुर्चीत होते. रोज असतात.

धाकटा: बाबा बेशुद्ध पडले होते?

ताई: पडले कुठे? बसले होते. बसलेला माणूस पडत नाही. तोंडावर पाणी मारलं तेव्हा डोळे उघडले, मला आई समजून हाक मारली, आणि मग ‘धाकट्याला सांगायचं नाही’ म्हणून शपथ घातली. मी शपथ घेतली. त्यामुळे मी तुला काही सांगितलेलं नाही.

धाकटा: बरं. मग फोन कशाला केलास?

ताई: एक कामाचं विचारायचं होतं. तुझी ती गोळ्यांची डबी. उलटी घडी घातली की तिचा आगगाडीचा डबा होतो, ती. एक डबी किती दिवस पुरते?

धाकटा: तीस. रोज एक गोळी. महिना संपला की डबी रिकामी, आजोबांनी ती उलटी करायची, नातवंडाला डबा मिळाला. म्हातारी माणसं रक्तदाबाची गोळी घ्यायला विसरतात ना, म्हणून काढलेली युक्ती. आता नातवंडंच मागे लागतात, आजोबा, गोळी घ्या. आत त्याच डबीवर मीटिंग चाललीय. मधुमेहाला विमान द्यायचं का जहाज, एवढंच ठरायचं राहिलंय. पण तू बाबांचं सांग.

ताई: बाबांना ही गोळी सुरू होऊन किती झालं?

धाकटा: चार महिने. पहिली डबी मीच नेऊन दिली होती.

ताई: मग डबे किती व्हायला हवेत?

धाकटा: चार.

ताई: नऊ आहेत.

धाकटा: काय नऊ?

ताई: डबे. सोफ्याखालून निघून टीपॉयला वळसा घालून गाडी दाराशी उभी आहे. मी दोनदा मोजली. एकदा घाबरायच्या आधी आणि एकदा नंतर.

धाकटा: पाच जास्त. पाच डब्या, दीडशे गोळ्या. ताई, गोळ्यांच्या स्ट्रिप बघ कुठे आहेत.

ताई: केरात आहेत. फोडलेल्या. एकही गोळी नाही आत.

धाकटा: टीसी कुठाय?

ताई: पाच वर्षांच्या पोरीला टीसी काय म्हणता रे तुम्ही.

धाकटा: येणाऱ्या-जाणाऱ्याला तिकीट विचारते, मग काय म्हणणार? ताई, माझी मुलगी कुठे आहे? सकाळी मी तिला खाली गेटवर सोडलंय.

ताई: इथेच आहे. गाडीशेजारी, फरशीवर. झोपलीय.

धाकटा: ती दुपारी झोपत नाही.

ताई: मुलं झोपतात रे.

धाकटा: ती नाही झोपत. जन्मल्यापासून नाही झोपलेली. आम्ही दोघं दुपारी मेल्यासारखे पडतो आणि ती आमची तिकिटं तपासत हिंडते. तिला उठव.

ताई: थांब, बाबांना धरलंय मी. एका बाजूला कलतात.

धाकटा: डॉक्टर?

ताई: तळमजल्यावरच्या दवाखान्यात शेजारीणबाईंना पिटाळलंय. त्या सांगत आल्या, डॉक्टर कुणाला तरी टाके घालतायत, दोन राहिलेत, ते झाले की येतात.

धाकटा: टाके राहू देत म्हणावं. मी निघालो. मॅनेजर मागून विचारतोय, विमानाचं काय. त्याला म्हटलं, उतरलं. उठली का ती?

ताई: हलवली. डोळे न उघडता ‘तिकीट’ म्हणाली आणि कूस बदलली.

धाकटा: श्वास?

ताई: चालू आहे.

धाकटा: कसा चालू आहे?

ताई: श्वासासारखा.

धाकटा: ओठ बघ. ओठ कसे आहेत?

ताई: ओठांसारखे.

धाकटा: ताई, रंग सांग, रंग.

ताई: गुलाबी. माझ्यावर ओरडू नकोस. आणि मला एक सांग, औषधाच्या डबीवर छापलेलं असतं ना, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा म्हणून?

धाकटा: असतं.

ताई: तुझ्या डबीवर दिसत नाही ते.

धाकटा: आहे. उलटी घडी घातली की आत जातं.

ताई: आत जातं म्हणजे?

धाकटा: बाहेर ठेवलं असतं तर चाकांच्या मध्ये येत होतं. चाक चांगलं दिसेना. मीच आत घेतलं ते.

ताई: शाबास.

धाकटा: सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. ताई, टॅक्सी मिळालीय, ड्रायव्हर म्हणतो पंचवीस मिनिटं. त्याला सांगितलं, पोरीचं आहे. तर म्हणतो, मग पंचवीसच, सिग्नलला पोरंबाळं नसतात. तू तोवर गोळ्या शोध. सोफ्याखाली बघ. बाबांचे खिसे बघ. तिचे खिसे बघ.

ताई: तिच्या खिशात एक शिट्टी आणि एक रुमाल. बाबांच्या खिशात चष्मा. सोफ्याखाली धूळ आणि गाडीचा मागचा भाग. थांब.

धाकटा: काय?

ताई: डबा जड लागतोय.

धाकटा: पुठ्ठ्याचा आहे तो. जड कसा लागेल?

ताई: लागतोय. उघडते. अरे देवा. बसवल्यात.

धाकटा: काय बसवल्यात?

ताई: गोळ्या. खुर्च्यांवर. प्रत्येक खुर्चीत एक. टोपीवाले प्रवासी दिसतायत, पांढऱ्या टोपीचे.

धाकटा: आतल्या पुठ्ठ्याला तीस खळगे ठेवलेत मी, तीस खुर्च्यांसाठी. त्यात प्रवासी म्हणून बटणं बसवायची. तसं लिहिलंय डबीवर.

ताई: तेही आत गेलं असेल.

धाकटा: ते बाहेर आहे.

ताई: मग बाबांच्या शर्टाची बटणं जागच्या जागी आहेत, म्हणून गोळ्या घेतल्या असतील. पहिले चार डबे रिकामे आहेत. पाचवा भरलेला. सहावा भरलेला. सातवाही.

धाकटा: एकेक खुर्ची बघ. नीट.

ताई: बघतेय. आठवा, तीस. सगळे बसलेत, एकही उभा नाही. नववा.

धाकटा: नववा काय?

ताई: थांब, परत मोजू दे.

धाकटा: ताई.

ताई: नवव्यात चार खुर्च्या रिकाम्या आहेत. पुढच्या रांगेतल्या.

धाकटा: चार.

ताई: चार. गाडीखाली नाहीत, चटईखाली नाहीत. मी हात फिरवला.

धाकटा: पंच्याहत्तर किलोच्या माणसाला एक गोळी दिवसभर पुरते. ती अठरा किलोची आहे. ताई, तिला बसती कर. पाणी मार. चिमटा काढ. माझ्या नावाने काढ. विचार, ते चार कुठे गेले.

ताई: विचारते. फोन खांद्यावर धरलाय, थांब.

धाकटा: काय म्हणतेय?

ताई: आधी मला तिकीट विचारतेय.

धाकटा: दे ना काहीतरी.

ताई: दिलं. केरातली स्ट्रिप दिली. तिने पंच करून परत दिली.

धाकटा: आता विचार.

ताई: म्हणते, ते चौघं विनातिकीट होते. उतरवले.

धाकटा: कुठे उतरवले? तोंडात घातले का विचार. तू घातलेस का, असं विचारू नकोस, ती कबूल करणार नाही. कुठलं स्टेशन, असं विचार.

ताई: बोट दाखवतेय.

धाकटा: कुठे?

ताई: बाबांकडे.

धाकटा: बाबांच्या खिशाकडे?

ताई: तोंडाकडे.

धाकटा: तिने स्वतः एकही नाही खाल्ली? जीभ बघ.

ताई: बघितली. तीच आपण होऊन दाखवतेय, फार अभिमानाने. म्हणते, टीसी खात नसतात. आजोबा झोपले, मग गाडीचा आवाज होऊ नये म्हणून सिग्नल पडेपर्यंत जरा आडवी झाले, असं म्हणते. ती बरी आहे रे. ती ठणठणीत आहे. तू रडतोयस का?

धाकटा: ड्रायव्हर रडतोय. त्याने सगळं ऐकलं. ताई, म्हणजे चारही बाबांनी घेतल्या.

ताई: डॉक्टर आले बघ.

धाकटा: काय म्हणतात?

ताई: पट्टा बांधलाय दंडाला. हवा भरली. परत भरतायत. तिसऱ्यांदा भरतायत. मी विचारलं किती, तर म्हणतात, आकडा नंतर सांगतो, आधी ॲम्ब्युलन्सला फोन करा. शेजारीणबाई करतायत. बाबांना खाली आडवं केलं, पाय स्टुलावर ठेवायला लावले. गोळ्या पातेल्यात काढून मी फडताळावर टाकल्यात, तर तिकडे टीसी रडतेय, गाडी रिकामी केली म्हणून. आणि बाबा फोन मागतायत.

धाकटा: बोलू देतील का?

ताई: डॉक्टर म्हणतात, बोलू द्या, बोलत राहिले तर बरंच आहे. गप्प झाले की मला सांगा. तेव्हा तू त्यांना गप्प होऊ देऊ नकोस. कळलं? काही वाटेल ते विचार.

(फोन ताईच्या हातातून बाबांच्या हातात जातो.)

बाबा: हॅलो. मी उताणा बोलतोय. डोकं खाली, पाय वर. तुझा आवाज छताकडून आल्यासारखा वाटतो.

धाकटा: बाबा, चार गोळ्या गिळल्यात तुम्ही?

बाबा: पाच. सकाळची आमची धरून.

धाकटा: पण का?

बाबा: पोरीने चौघांना खाली घेतलं. म्हटलं, खिशात उतरव. तर म्हणते, खिसा हे स्टेशन नाही. मग एकाला उचलून चालली स्वतःच्या तोंडाकडे. ती खाणार नव्हती, असं आता म्हणते. पण हात चालला होता रे तिकडे. मी खुर्चीतून उठून तिच्यापर्यंत जाईस्तोवर, माझे गुडघे तुला माहीत आहेत, दोन स्टेशनं मागे पडली असती. म्हणून बसल्या जागेवरून ओरडलो, इकडे आण, हे मोठं जंक्शन आहे. आणि तोंड उघडलं.

धाकटा: मग थुंकायच्या होत्या.

बाबा: तिने परत चढवल्या असत्या. शिवाय मला जीभ वर करून दाखवायला लावली. तपासणी कडक आहे तिची.

धाकटा: ताईला लगेच फोन करायचा होता.

बाबा: फोन टीपॉयवर होता. मधून गाडी जात होती. म्हटलं, जाऊ दे गाडी. मग टीपॉय लांब लांब गेला.

धाकटा: बाबा? बोलत राहा. बाबा.

बाबा: आहे, आहे.

धाकटा: नऊ डब्या कशाला आणल्यात? दिल्या कुणी?

बाबा: पाच दुकानं. चिठ्ठी एकच. प्रत्येकाला वाटलं, म्हातारा आपलाच आहे.

धाकटा: पण कशाला?

बाबा: चार महिन्यांत पोरगी माझ्याकडे किती वेळा आली, सांग.

धाकटा: आली की. बरेचदा आली.

बाबा: नऊ. पहिल्या महिन्यात मी तुला पाच-सहा फोन केले, तू म्हणालास, बघू. मग पहिली डबी संपली, मी सांगितलं, डबा झालाय. दुसऱ्या दिवशी तू तिला गेटवर आणून सोडलीस. मग मला पद्धत कळली. पद्धत कळल्यावर माणूस उगाच बघू-बघूच्या नादी लागत नाही.

धाकटा: ती डब्याशिवायही येईल हो. तिला तुम्ही हवे असता.

बाबा: तिचं मला माहीत आहे. तिला गाडी चालवता येत नाही.

धाकटा: मी गेटपाशी पोचलोय. वर येतो.

बाबा: वर कशाला येतोस, आम्हीच खाली येतोय. स्ट्रेचर आलंय. जिन्यात वळत नाही म्हणून ते दोघं वाद घालतायत. डॉक्टर म्हणतात, हॉस्पिटलात आकडा वर आला तर आला.

धाकटा: येईल. येईलच.

बाबा: आणि म्हणतात, आला तरी ही गोळी बंद. पुढे बघू, पण आता तुम्हाला डबी मिळणार नाही, कुठल्याच दुकानात. पाचही दुकानांना ते स्वतः फोन करणार आहेत. तुझ्याकडे कागद आहे का?

धाकटा: बाबा, आत्ता कागद कसला?

बाबा: डॉक्टरांना द्यायचाय. लिहून घे, मला उताणं लिहिता येत नाही.

धाकटा: बरं. सांगा. पण थांबू नका, बोलत राहा.

बाबा: प्रति, माननीय डॉक्टरसाहेब. विषय, रक्तदाब पूर्ववत करणेबाबत. महोदय, अर्जदाराची गोळी आजपासून बंद करण्यात आल्याने गाडीस दहावा डबा लागण्याची शक्यता राहिलेली नाही. लिहिलंस?

धाकटा: लिहिलं.

बाबा: तरी अर्जदाराचा रक्तदाब, प्रकृतीस झेपेल इतपत, पुन्हा वाढवून मिळावा, ही नम्र विनंती.