वाघ्याची पट्टी

गाठच माझी नव्हती हो! काल सकाळी वाघ्याच्या पंजाला मी पट्टी बांधली, जुन्या परकराची, पांढरी, आणि दुपारी बघते तर पट्टी निळी! वर फुगीर गाठ, जशी काही शाळेला निघालेल्या पोरीची रिबन! तुम्हाला सांगते, आता विश्वास ठेवायचा तरी कोणावर?

म्हणजे बघा, लग्न होऊन रेवदंड्याला आल्यापासून घरात माझं ऐकून घेणारा एकच जीव, हा कुत्रा! आमच्या ह्यांना विचारावं, "अहो, वाढू का?" तर "हं." "अहो, आमटी कशी झालीय?" "हं." अहो, माणूस आहे की दाराची कडी? तर परवा वाघ्या खाडीच्या खडकांत हिंडून आला, कालवाच्या शिंपल्यानं पंजा कापून. रक्त बघून आधी मीच मटकन बसले! मग कॉलेजातला प्रथमोपचाराचा वर्ग आठवला... कोमट पाण्यात मीठ, जखमेतली वाळू धुवायची, कडेचे केस कातरायचे, कोरडं करून पट्टी, पण आवळायची नाही... त्यानं नुसतं "गुर्र" केलं की मी टुणकन पाटावर! मासळी घेऊन आलेली सोनूबाई दारात हसतेय, "अगो वयनी, त्याच्या जिभंला अवशद हाय! चाटल नि बरा होल!" चाटून चाटून लाल करून ठेवली होती ना जखम! ती कोणी निस्तरली? मी!

आणि हा बाहेर जाऊन दुसऱ्याकडून पट्टी बांधून घेतो? विश्वास ठेवायचा तरी कोणावर?

आज निघाले त्याच्या मागोमाग. माझ्यासमोर विव्हळत लंगडणारा हा लबाड, आमच्या माडांच्या वाडीत शिरताच दुडुदुडु धावायला लागला! रहाटाच्या मागे गेला. मी माडाआडून डोकावले... आणि आमचे हे! मांडीवर त्याचा पंजा, शेजारी पाण्याचा तांब्या, हातात निळी पट्टी, आणि तोंड? अखंड चालू! "काय रे गुलामा, दुखतंय? थांब हं... आणि काय सांगू तुला, काल तिनं आमटी काय केली होती! फक्कड! पण सांगायचं कसं रे? ती कॉलेजात शिकलेली, आपण माडांत वाढलेले, काही भलतंच बोलून गेलो तर हसायची..."

माझी आमटी! कुत्र्याला सांगितली! मला नाही!

"अहो!" मी म्हटलं. बोलणं चालूच. "अहो!!" छे, मान वर नाही. कुत्रा फितूर, नवरा फितूर... रडूच यायला लागलं. शेवटी जीव खाऊन ओरडले, "वाघ्या! इकडे ये आधी!"

कुत्रा ढिम्म. आणि आमचे हे ताडकन उठून म्हणतात कसे,

"ओ! आलो, आलो!"