बजरंगचा एक्सल

माझ्या लहानपणी येरमाळ्याच्या फाट्यावर बैलगाड्या सोडायचे. आता तिथं गॅरेज आहे. मी एसटीची वाट बघत होते. गॅरेजपुढं दोन जीपा होत्या, एक विटांवर चढवलेली; तिच्यापाशी दोघं जण बोलत होते.

"बजरंग, तुझ्या जीपचा एक्सल काढून मला देतोस व्हय?"

"तुझा तुटलाय नव्हं, शंभुलिंग? उद्या डोंगरावरची शर्यत हाय."

"आरं, पण तू कशात पळणार?"

"मागल्या साली मला चिखलातनं ओढत बसलास, म्हणून कप गेला तुझा. तवा इचारलं व्हतं का म्या?"

"तरीबी..."

"तुझ्या शेजारी बसतो. म्होरचा दगड तुला कुठं दिसतोय?"

"आन् जिंकलो तर?"

"कप माझ्या घरी. चाकं माझ्या एक्सलवर फिरनार."

"आन् हरलो तर?"

"मग डायवर तू व्हतास की!"