ऐकलंस का

संगणक दुरुस्तीच्या दुकानात शिंपीणबाई आपल्या प्रिंटरसाठी खोळंबल्या होत्या. शेजारच्या खुर्चीत एक आजी बसल्या होत्या. दुकानदार आजींचा संगणक उघडून त्यांच्याशी बोलत होता.

"आजी, या फाइलमधल्या मॅक्रोला, म्हणजे छोट्या प्रोग्रामला, बोलायला आवाजाची एक तयार लायब्ररी लागते. आजोबांनी जुन्या मशीनवरच्या लायब्ररीशी गाठ मारली होती. नव्यावर ती सापडेना, म्हणून 'मिसिंग' म्हणत अडून बसला."

"म्हणजे यांचं चुकलं होतं?"

"छे हो. गाठ सोडवलीय मी. आता फाइल ज्या मशीनवर उघडेल, तिथे असेल ती लायब्ररी मागून घेईल. आजोबा प्रोग्रामर होते?"

"कसले? नकाशे काढायचे. मला दिसेनासं झालं, तेव्हा उतारवयात हे शिकले. औषधाची वेळ झाली की मशीन मला हाक मारायचं. स्वतः शेजारी बसलेले असायचे, पण बोलायचं ते मशीनच."

"शब्द त्यांनी इंग्रजी अक्षरांत लिहिले होते. मी मराठीत केले, आवाजही मराठी घातला. ऐका."

'अगं, ऐकलंस का? गोळी घे.'

"स्पष्ट येतंय ना आजी?"

"फारच स्पष्ट येतंय रे. आमचं मशीन 'आगा, आइकलास का' म्हणायचं. आम्ही इतके हसायचो की गोळी राहूनच जायची."

"मग पहिल्यासारखं करून देऊ?"

"दे बाबा. होतं तसं वेडंवाकडंच दे."

शिंपीणबाईंचा प्रिंटर केव्हाच तयार होऊन समोर आला होता. त्या बसूनच राहिल्या.

'आगा, आइकलास का?'

"ऐकलं हो," आजी म्हणाल्या.